सोलापूरच्या वाटेवरून वळवलेली कुमक

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली, होम मैदानावरचे पाळणे उतरले, की जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी मी मुलांना सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात घेऊन जातो. कॉलेजात इतिहास शिकवायचो तेव्हापासूनची ही सवय, निवृत्तीनंतरही मोडली नाही. तलावाच्या बाजूच्या बुरुजावर सकाळचं ऊन छान येतं. तिथं बसून दोन तास बोलणं होतं.

यंदा एका मुलाने मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला. २३ जानेवारी १५६५ रोजी धर्मासाठी पाच सुलतान एकत्र आले आणि त्यांनी विजयनगर बुडवलं, असा त्याचा सारांश. त्याचं वाचून होतं न होतं तोच मागून दुसरा म्हणाला, "धर्म-बिर्म काही नव्हतं सर, सगळं राजकारण होतं." मग दोघांची जुंपली. मला दोघांचंही पटलं नाही. वाईट याचं वाटलं, की ज्या तटावर बसून ते भांडत होते तो तटच त्या भांडणाचं मूळ होता, आणि दोघांच्याही बोलण्यात सोलापूरचं नाव आलं नाही.

म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून काढतो आहे. प्रश्न असा : एक राजा दुसऱ्याच्या युद्धात आपली फौज घेऊन उतरतो, फौजेचा धर्म वेगळा आणि ज्या मुलखात ती शिरते तिथल्या रयतेचा वेगळा. अशा वेळी धर्म नेमका कुठे काम करतो? फौज बोलावताना, ती मुलखात वावरत असताना, की सगळं संपल्यावर हकिगत लिहिताना? विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाने विजयनगरच्या रामरायाला अहमदनगरच्या हुसेन निजामशहावर बोलावलं, ते हे प्रकरण. १५५८ ते १५६५ एवढाच काळ.

आंदणाचा किल्ला

सुरुवात मात्र त्याआधी चौतीस वर्षं, एका लग्नात आहे. १५२४ मध्ये विजापूरचा इस्माईल आदिलशहा आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा सोलापुरात भेटले. इस्माईलची बहीण मरियम बुऱ्हाणला दिली. सोलापूरचा किल्ला आणि त्याबरोबरचे साडेपाच परगणे आंदण म्हणून द्यायचं ठरलं, असं निजामशाहीचं म्हणणं. नवरी गेली, किल्ला गेला नाही. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण फौज घेऊन आला आणि मार खाऊन परतला. तिथून सोलापूर हे दोन घराण्यांतलं न फेडलेलं आंदण होऊन बसलं. आपल्याकडे लग्नात कबूल केलेली वस्तू दिली नाही तर दोन पिढ्या बोलणं बंद असतं. इथे तर पाच-साडेपाच परगण्यांचा वसूल अडकला होता.

हे "साडेपाच" मला नेहमी थांबवतं. बहमनी राज्य मोडलं तेव्हा परांड्याचा ख्वाजा जहान आणि सोलापूरचा झैनखान या दोघा भावांत अकरा परगण्यांची वाटणी झाली, निम्मे-निम्मे. त्यातला हा अर्धा परगणा. एवढ्या बारीक हिशेबाने मोजलेली जमीन सहजासहजी विसरली जात नाही. इतिहासाच्या पुस्तकात तिला "सरहद्दीचा वाद" एवढंच नाव मिळतं. सोलापूर, परांडा, नळदुर्ग, कल्याणी (आजचं बसवकल्याण) या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी तो वाद म्हणजे दर काही वर्षांनी शेतातून जाणारी फौज होती.

कोणाच्या मदतीला कोण

पोरांच्या वादात पहिला गोंधळ इथेच होतो. आज आपण "हिंदू विजयनगर" आणि "मुसलमान सुलतान" अशा दोन रांगा मनात आधी उभ्या करतो आणि मग माणसं त्यांत बसवतो. त्या काळच्या मदतीच्या रांगा अशा नव्हत्या.

१५५० च्या आसपास रामरायाची फौज अहमदनगरच्या बाजूने विजापूरवर चालून आली होती. बुऱ्हाणशी त्याचं ठरलं होतं की रायचूर आणि मुदगल विजयनगरला, सोलापूर निजामशाहीला. तसंच झालं. सोलापूर विजापूरच्या हातून गेलं ते विजयनगरच्या मदतीने. काही वर्षांतच विजापूरच्या इब्राहिम आदिलशहावर त्याचाच सरदार उलटला. तेव्हा इब्राहिमने रामरायाकडे मदत मागितली आणि रामरायाचा भाऊ व्यंकटाद्री फौज घेऊन आला. आणि १५५८ नंतर तेच विजयनगर सोलापूर-कल्याणी परत मिळवून द्यायला विजापूरच्या बाजूने निघालं. किल्ला तोच, फौज तीच, बाजू मात्र उलटी.

पंथाचं बघा. इब्राहिम आदिलशहा सुन्नी, त्याचा मुलगा अली शिया. गादीवर येताच अलीने शिया पद्धतीचा खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, पुन्हा सुरू केला. हुसेन निजामशहाही शिया. म्हणजे एकाच पंथाचे दोन राजे पाच वर्षं एकमेकांचा मुलूख जाळत होते. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहाही शियाच, पण भावाच्या भीतीने तो सात वर्षं विजयनगरात रामरायाच्या आश्रयाला राहिला होता. आणि रामराय स्वतः? त्याने उमेदीच्या काळात गोवळकोंड्याची चाकरी केल्याचं तिकडची तवारीख सांगते. त्याच्या सैन्यात मुसलमान सरदार होते आणि विजयनगरात ती जुनी रीत होती. हंपीला आजही १४३९ चा शिलालेख असलेली अहमदखानाची मशीद उभी आहे. दुसऱ्या देवरायाच्या एका मुसलमान अधिकाऱ्याने ती बांधली, आणि आपल्या हिंदू राजाला पुण्य लाभावं म्हणून बांधली.

फौज बोलावताना धर्म आडवा येत नव्हता, एवढं यातून स्पष्ट आहे.

बुरुजावरच्या वादात एक तेलुगू बोलणारा मुलगा होता, साखर पेठेकडचा, विणकराच्या घरातला. तो बराच वेळ गप्प होता. त्याला मी विचारलं, "बाळा, रामराय इथं आला असता तर त्याचं बोलणं कळलं असतं का तुला?" तो हसून म्हणाला, "माझ्या आजीला नक्की कळलं असतं." खरं आहे. रामराय अरवीडु घराण्यातला, तेलुगू, दरबारात कन्नड बोलणारा. विजापूरच्या फौजेत मराठी बारगीर आणि कन्नड नायकवडी, बरोबर दखनी बोलणारे शिपाई. सोलापूरच्या कोणत्याही गल्लीत आज ज्या चार भाषा ऐकू येतात त्याच या छावण्यांमध्ये होत्या. परकी फौज म्हणताना आपण काय समजतो, याचा विचार इथून करायला हवा. भाषेने ती परकी नव्हती. परकी होती ती मालकाने, आणि जिथे जाईल तिथे परत जायचं असल्यामुळे.

मुलगा मानलेला राजा

अली नुकताच गादीवर आला होता. त्याला सोलापूर आणि कल्याणी हवी होती आणि एकट्याच्या बळावर ती मिळणार नव्हती. त्याच सुमारास रामरायाचा एक मुलगा वारला. अली मोजके शंभरेक स्वार घेऊन थेट विजयनगरला गेला, सांत्वनाला. विजापूर दरबारचा इतिहासकार फेरिश्ता लिहितो की रामरायाच्या बायकोने अलीला मुलगा मानलं. पुत्रशोकातल्या घरी जाऊन त्या आईचा मुलगा होणं, यात डावपेच होता हे उघड आहे, पण नुसता डावपेच होता असं मला वाटत नाही. मात्र निघताना रामराय त्याला पोचवायला बाहेर आला नाही. अलीने ते मनात ठेवलं, हेही फेरिश्ताच सांगतो.

मग अलीने हुसेनकडे किल्ले मागितले. हुसेनने अपमान करून नकार दिला. अलीने रामरायाला हाक दिली. गोवळकोंडाही त्यांच्या बाजूने उतरला आणि तिघांच्या फौजा अहमदनगरच्या मुलखात शिरल्या. हुसेन पैठणकडे हटला.

पुढचं वर्णन फेरिश्ताच्या तवारीखेत फार कडवट आहे. परांड्यापासून जुन्नरपर्यंत आणि अहमदनगरपासून दौलताबादपर्यंत वस्तीची खूण उरली नाही, विजयनगरच्या लोकांनी बायकांची अब्रू घेतली, मशिदी पाडल्या, कुराणाचाही मान ठेवला नाही. मशिदींत आपली पूजा आणि गाणी केली. अलीला याचं दुःख झालं, पण आवरण्याचं बळ त्याच्याकडे नव्हतं, म्हणून त्याने दिसूनही न दिसल्यासारखं केलं.

शेवटचं वाक्य मी मुलांना दोनदा वाचायला लावतो. आधीच्या भागात अतिशयोक्ती असणार. मुलूख खरोखर निर्मनुष्य झाला असता तर दोन-तीन वर्षांत हुसेन पुन्हा कल्याणीला वेढा घालू शकला नसता. फौजेला पोसायला रयत लागते. पण "आवरण्याचं बळ नव्हतं" ही गोष्ट लिहिण्यात विजापूरच्या दरबारी लेखकाला काही फायदा नव्हता. उलट आपल्या धन्याच्या घराण्याची, म्हणजे घरचीच नाचक्की होती ती. म्हणून मला ती खरी वाटते.

आणि प्रकरणाची कळ तीच आहे. पाहुणी फौज यजमानापेक्षा मोठी असली, की ती कशी वागेल हे यजमानाच्या हाती राहत नाही. ज्या मुलखात ती वावरते तिथली माणसं मात्र बोट यजमानाकडेच दाखवतात, आणि बरोबरच करतात. नेवाशाच्या किंवा पैठणच्या एखाद्या मुल्लाला रामरायाशी काय घेणं? त्याच्या मशिदीत घोडी बांधणाऱ्यांना बोलावलं कोणी, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्याच धर्माच्या सुलतानाने. फौज बोलावताना जो धर्म कुणाच्या हिशेबात नव्हता, तो मशिदीच्या पायरीवर अचानक सगळ्यांच्या हिशेबात आला. लुटीतलं धान्य पुढच्या पावसाळ्यात भरून निघतं. हे भरून निघत नाही.

विडा आणि पाणी

हुसेनने तह मागितला. अटी तीन. कल्याणीचा किल्ला अलीला द्यायचा. वऱ्हाडहून हुसेनच्या मदतीला आलेल्या कुमकेचा सरदार जहांगीरखान, ज्याने अहमदनगरला वेढा घालणाऱ्यांची रसद तोडून त्यांना हैराण केलं होतं, त्याला मारायचं. आणि हुसेनने रामरायाच्या छावणीत येऊन त्याच्या हातून विडा घ्यायचा.

हुसेनने तिन्ही मान्य केल्या. आपल्यासाठी लढायला आलेल्या पाहुण्याला त्याने शत्रूच्या सांगण्यावरून ठार केलं. या एका खुनाकडे लक्ष ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

विड्याचा प्रसंग फेरिश्ताने असा रंगवला आहे : हुसेन छावणीत आला. रामराय उठून सामोरा गेला नाही, बसल्या जागी त्याने हात पुढे केला. हुसेनने हात हातात घेतला, आणि लगेच पाणी मागवून आपले हात धुतले. रामरायाचा चेहरा बदलला. तो कन्नडमध्ये म्हणाला, पाहुणा म्हणून आला नसता तर याला या अपमानाची किंमत मोजायला लावली असती. मग त्यानेही पाणी मागवलं आणि हात धुतले. त्यानंतर हुसेनने कल्याणीच्या चाव्या रामरायापुढे ठेवल्या : मी तुम्हाला देतो. रामरायाने त्या तिथल्या तिथे अलीकडे पाठवल्या.

इथे दोन राजे आणि एक तांब्या पाणी आहे, बाकी काही नाही. पण किती गोष्टी एकत्र गुंतल्यात पहा. हात धुण्यात विटाळ आहे, म्हणजे धर्म आहे. तो विटाळ हरलेला राजा मुद्दाम दाखवतो आहे, म्हणजे मान आहे. चाव्या रामरायाला देताना अलीचं नाव न घेणं, म्हणजे मी तुझ्यापुढे हरलो, त्या पोरापुढे नाही, हे सांगणं आहे. यातून धर्माचा धागा ओढून बाजूला काढता येत नाही. काढायला गेलं तर सगळी वीणच सुटते. सोलापुरात चादरीचं विणकाम पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

"सगळं राजकारण होतं" म्हणणाऱ्या मुलाला मी हा प्रसंग सांगितला आणि विचारलं, यात राजकारण कुठे संपतं ते बोट ठेवून दाखव. त्याने दोन-तीनदा प्रयत्न केला. मग म्हणाला, नाही दाखवता येत.

नळदुर्गचं वळण

दुसरी स्वारी १५६२-६३ ची. हुसेनने आपली मुलगी जमालबीबी गोवळकोंड्याच्या कुतुबशहाला दिली आणि दोघांनी मिळून कल्याणीला वेढा घातला. अलीने पुन्हा रामरायाला बोलावलं. पुन्हा अहमदनगरला वेढा पडला. या वेळी रामरायाचा तळ सीनेच्या काठी होता. रात्री वरच्या बाजूला पाऊस झाला आणि नदी छावणीत शिरली. हत्ती, घोडे, माणसं, सरदार वाहून गेले. सीना कशी येते हे आपल्याला कुणी सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबरात माढा-मोहोळकडची गावं तिने कशी वेढली ते आपण पाहिलं आहे. उन्हाळ्यात पात्रात क्रिकेट खेळावं अशी नदी, आणि एका रात्रीत तिचा दर्या होतो.

वेढा उठला. आणि आता या प्रकरणातला तो निर्णय येतो, ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

रामराय परत फिरताना सोलापूर घ्यायला तयार होता. फौज जवळ होती, वाटेवर सोलापूर होतं, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता तो किल्ला समोर होता. अलीचा सरदार किश्वरखान अलीला बाजूला घेऊन म्हणाला, रामरायाने सोलापूर घेतलं तर तो ते स्वतःकडेच ठेवील. आत्ता नको. अलीला पटलं. त्याने रामरायाला नळदुर्गकडे वळवलं. तिथे जुन्या गढीच्या जागी दगडी किल्ला बांधायचं काम सुरू केलं आणि त्याला शाहदुर्ग नाव दिलं.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात नळदुर्ग येतं. पावसाळ्यात बोरी नदीवरचा धबधबा आणि पाणीमहाल पाहायला आपण सगळेच जातो. पाणीमहाल पुढचा, १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पण तिथला तट पाहताना मला नेहमी हे आठवतं, की हा किल्ला सोलापूर न घेण्याच्या निर्णयातून उभा राहिला. दोस्ताच्या भीतीने.

ही भीती खोटी नव्हती. नळदुर्गहून निघताना रामरायाच्या लोकांनी मुसलमानांना टोमणे मारले, हिणवलं, अशी फेरिश्ताची तक्रार आहे. सुलतानांच्या वकिलांना रामराय दरबारात बसू देत नसे, स्वारी निघाली की त्यांना पायी चालायला लावत असे, हीही तक्रार आहे. पण त्याच दमात तो सांगतो की निरोप घेतल्यावर रामरायाने विजापूर आणि गोवळकोंडा, दोघांच्याही सरहद्दीवर फौजा पाठवल्या आणि मुलूख काढून घेतला. एकाकडून दोस्त म्हणून, दुसऱ्याकडून शत्रू म्हणून. फरक काहीच नाही.

किश्वरखानाचा सल्ला मी मुलांना तपासायला देतो. त्यात धर्माचा शब्द नाही. तो असं म्हणत नाही की काफिराच्या मदतीने किल्ला घेणं पाप आहे. तो म्हणतो, किल्ला आपल्या हाती लागणार नाही. निर्णय ज्या घडीला झाला त्या घडीला हिशेब हा होता. पण हा सल्ला ऐकण्याइतका अलीचा कान तयार झाला होता तो कशामुळे? पहिल्या स्वारीत मशिदींसमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं, त्यामुळे. ज्याला आपण आवरू शकलो नाही तो आपलं ऐकणार नाही, हे त्याला अहमदनगरला कळलं होतं. म्हणून मी धर्म आणि हिशेब अशा दोन वह्या वेगळ्या ठेवत नाही. एका वहीतली उधारी दुसऱ्या वहीत चढत गेली.

आंदण फिटलं

१५६४ मध्ये दोन लग्नं ठरली. हुसेनची मुलगी चांदबीबी अलीला, अलीची बहीण हादिया सुलताना हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला. चांदबीबीबरोबर आंदण म्हणून सोलापूर.

चाळीस वर्षं, पिढ्यान् पिढ्यांच्या स्वाऱ्या, विजयनगरच्या फौजेला दिलेली दोन आमंत्रणं, यांनी जो किल्ला मिळाला नाही तो वरातीबरोबर आला. आपल्या सोलापूरचा सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता. तिथून हाकेच्या अंतरावर हा किल्ला, आणि त्याच्याही कुंडलीत लग्नच आहे. योगायोग आहे, पण मला तो आवडतो.

मग रायचूर-मुदगल परत द्या असा रामरायाला निरोप गेला, नकार आला, आणि डिसेंबर १५६४ मध्ये फौजा तालिकोटला जमल्या. २३ जानेवारी १५६५ ला कृष्णेकाठी राक्षसतागडीला लढाई झाली. मध्यभागी हुसेन, पुढे रूमीखानाच्या तोफा. म्हातारा रामराय पकडला गेला आणि हुसेनने त्याचं मुंडकं उडवलं. लढाईचं वर्णन सगळीकडे मिळतं, मी इथे थांबत नाही.

थांबतो ते मोबाइलवरच्या त्या "पाच सुलतान" या शब्दांवर. पाच नव्हते, चार होते. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, बिदर. वऱ्हाड आलं नाही. कारण वऱ्हाडच्या कुमकेचा सरदार जहांगीरखान हुसेनने स्वतःच्या छावणीत मारवला होता. धर्माची हाक एवढी मोठी असती, तर एका सरदाराच्या खुनापुढे ती लहान ठरली नसती. मदतीला आलेल्याला यजमानाने दगा दिला, याचा हिशेब वऱ्हाडने धर्मापेक्षा वरचा धरला. मला हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत बोलकं गैरहजेरीपत्रक वाटतं.

आणि विजयानंतरचं : दोन-अडीच वर्षांत अली रामरायाच्या मुलाची बाजू घेऊन आनेगुंदीवर चालून गेला. तेव्हा रामरायाच्या भावाने मदत मागितली ती अहमदनगरकडे. तिथे हुसेन वारला होता, लहान मुर्तझाच्या नावाने त्याची आई खुंझा हुमायूँ कारभार पाहत होती. तिने फौज विजापूरवर काढली आणि अलीला माघारी फिरावं लागलं. चांदबीबीची आई ती, म्हणजे अलीची सासू. ज्या रामरायाचं मुंडकं नवऱ्याने उडवलं, त्याच्या भावाला वाचवायला ही बाई जावयावर चालून गेली.

कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं

फेरिश्ता १५८९ मध्ये अहमदनगरहून विजापूरला आला आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या इब्राहिमच्या आश्रयाने त्याने लिहिलं. लढाई त्याने पाहिलेली नाही. त्याच्यापुढे अडचण होती : धन्याच्या चुलत्याने, म्हणजे अलीने, मशिदी विटाळणाऱ्यांना स्वतः बोलावलं होतं. याचं काय करायचं? त्याने दोष पाहुण्याच्या उद्धटपणावर जास्तीत जास्त टाकला. जेवढा रामराय मोठा अपराधी, तेवढा अली कमी. १५६५ च्या युतीला धर्माचा रंग त्याने दिला असेल, पण रंग देण्यासाठी भिंत त्याने बांधली नाही. पहिल्या स्वारीतला अपमान घडला होता.

व्हेनिसचा व्यापारी सीझर फेडरिची १५६७ मध्ये उजाड विजयनगरात राहून गेला. त्याने ऐकलं ते वेगळं : रामरायाच्या फौजेतले दोन मुसलमान सेनापती ऐन लढाईत उलटले म्हणून पराभव झाला. हेही धर्माचंच उत्तर, पण हरलेल्या बाजूचं. जिंकणाऱ्याने म्हटलं आम्ही धर्मासाठी लढलो, हरणाऱ्याने म्हटलं परधर्मीयांनी दगा दिला. दोन्ही उत्तरं लढाईनंतरची आहेत, आणि दोन्हींमुळे आपापल्या राजांच्या चुका झाकल्या जातात.

तिसरी वस्तू पुण्यात आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबीचं हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं फारसी काव्य जपलेलं आहे, चित्रांसकट. घटनेच्या अगदी जवळच्या काळातलं. त्यातल्या काही चित्रांत हुसेनशेजारी बसलेल्या खुंझा हुमायूँची आकृती नंतर कुणीतरी पुसून टाकली आहे. बाईंची सत्ता गेल्यावरचं काम ते. हकिगत अशी हाताने पुसताही येते, हे मुलांना एकदा डोळ्यांनी दाखवायचं माझ्या मनात आहे.

त्या रविवारी उठताना मी घरचा अभ्यास दिला : नळदुर्गच्या छावणीत तुम्ही किश्वरखानाच्या जागी असता तर अलीला काय सांगितलं असतं? एका पानात लिहा. पुढच्या आठवड्यात सात पानं आली. त्यातलं एक अकलकोट रोडकडच्या मुलीचं. तिने लिहिलं होतं : मी नळदुर्गपर्यंत थांबले नसते. विजयनगरला सांत्वनाला निघण्याआधीच विचारलं असतं, की येणाऱ्या फौजेचा तळ कुठे पडणार, आणि त्यांच्यातला कुणी मशिदीत शिरला तर त्याला शिक्षा कोण देणार.

मी तिला विचारलं, "शिक्षा द्यायला अलीकडे माणसं होती का?"

"नव्हती सर. मग बोलवायचंच नाही."

"आणि सोलापूर?"

"सोलापूर तर शेवटी लग्नातच आलं की, सर."